परंपरा आणि भाष्य : चिनी व आफ्रिकाना तत्त्वचिंतनाच्या इतिहासाविषयी

चिनी आणि आफ्रिकाना तत्त्वचिंतनाचा इतिहास लिहू जाता प्रारंभीच एक प्रश्न उपस्थित केला जातो : यांस ‘तत्त्वज्ञान’ म्हणावे काय? (‘आफ्रिकाना’ या संज्ञेत आफ्रिका खंडाबरोबरच तेथून गुलाम म्हणून नेल्या गेलेल्यांच्या वंशजांचे चिंतनही अंतर्भूत होते.) हा प्रश्न दोन्ही परंपरांना वेगवेगळा, आणि बहुधा युरोपला प्रमाण मानूनच विचारला गेला. त्यांची परस्परांशी तुलना केल्यास प्रश्नाचे स्वरूपच पालटते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बेल्जियन मिशनरी प्लासीद तांपल्स यांनी १९४५ मध्ये बांटू तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहून सबंध समाजाच्या ठायी एकच अव्यक्त दर्शन वसत असल्याचे मांडले. बेनिनचे पोलँ हाउन्तोन्दजी यांनी १९७६ मध्ये या भूमिकेचे कठोर खंडन केले. आफ्रिकी तत्त्वज्ञान म्हणजे आफ्रिकी लेखकांनी लिहिलेल्या संहिता, असा त्यांचा आग्रह. त्यात तथ्य आहे. कारण ज्या विचाराला कर्ता नाही, त्याच्याशी वाद घालता येत नाही. परंतु कर्ता असणे आणि लेखन असणे या दोन भिन्न गोष्टी होत. केनियाचे हेन्री ओडेरा ओरुका यांनी हा भेद ओळखला. त्यांनी ज्ञानवृद्धांच्या मुलाखती नावानिशी नोंदविल्या आणि लोकसंचित केवळ सांगणारे व ते तपासून पाहणारे यांत फरक केला.

आता चीनकडे पाहू. कन्फ्यूशियसच्या नावावर प्रसिद्ध असलेली ‘लुन्यू’ ही त्याने लिहिलेली नव्हे. ती शिष्यपरंपरेने संकलित केलेली वचने व संवाद आहेत. मग हा ग्रंथ तत्त्वज्ञान आणि ओरुकांच्या नोंदी मात्र मानववंशशास्त्राची सामग्री, असे का मानावे? चू शी (११३०–१२००) याने ‘लुन्यू’सह चार ग्रंथांवर भाष्य केले आणि चौदाव्या शतकापासून ते भाष्य राजसेवेच्या परीक्षांना आधारभूत ठरले. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर अनुकूल-प्रतिकूल लिहिले गेले. मौखिक वचनाला परंपरेचे रूप आले ते या भाष्यव्यवहारामुळे.

उलट बाजूचा पुरावा अंटोन विल्हेल्म आमो याचा. आजच्या घानाच्या प्रदेशात जन्मलेल्या या विचारवंताने १७३४ मध्ये विटेनबर्ग येथे मन व संवेदना यांविषयी लॅटिन प्रबंध सादर केला. पुढे जर्मन विद्यापीठांत अध्यापनही केले. येथे कर्ता होता, लिखित संहिता होती. परंतु तीवर भाष्य करणारी शिष्यपरंपरा उभी राहिली नाही. म्हणजेच केवळ लेखनाने परंपरा सिद्ध होत नाही, आणि लेखनाच्या अभावी ती अशक्यही ठरत नाही.

मराठीच्या अभ्यासकाला हे अपरिचित वाटू नये. चक्रधरांनी ग्रंथ लिहिला नाही. म्हाइंभटांनी लीळा संकलित केल्या, केसोबासांनी त्यांतून सूत्रे वेचली आणि पुढे महानुभावीय भाष्यपरंपरा उभी राहिली. लीळाचरित्र शिकविताना आपण स्मृतीतून आलेल्या शब्दाला विचाराचा दर्जा निःसंकोच देतो. तोच न्याय इतरांना देण्यास आपण का कचरावे?

‘तत्त्वज्ञान आहे काय?’ या प्रश्नाऐवजी ‘यावर भाष्य कोणी केले, आणि कोणाला करू दिले गेले नाही?’ हा प्रश्न इतिहासकाराने विचारावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला परीक्षकाच्या आसनावर बसविते. दुसऱ्याचे उत्तर शोधताना आपणच भाष्यकार होण्याची जबाबदारी येते.