दादीचा आफताबा

आमच्या दादीच्या घरी दस्तरखान अंथरला की आधी आफताबा फिरायचा. पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायचे, खाली सिलफची धरायची, खांद्यावर टॉवेल. पुढे घरात बेसिन आले आणि आफताबा माळ्यावर गेला. मागल्या महिन्यात साफसफाईत तो मोडीच्या ढिगात दिसला. तोटीचा डाख सुटलेला. "मोडका ठेवून काय करायचं, अम्मी?" सुनेचा प्रश्न रास्तच होता. मी तिला मोबाईलवर एक चित्र दाखवले.

तो आफताबा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ब्लाका नावाच्या फ्रेंच सरदाराच्या संग्रहातून 1866 मध्ये तिथे आला. पितळेचा, उंची जेमतेम 30 सेंटिमीटर, आणि त्याचीही तोटी गायब! पण अंगावर तसूभर जागा मोकळी नाही. वाद्ये वाजवणारे, शिकारी, आरशात पाहणारी बाई, उंटावरून निघालेली खाशी स्त्री, शाहनाम्यातला बहराम गूर. दरबारी मेजवानीचे भांडे ते, म्हणून अशी चित्रे; मशिदीच्या वस्तूंवर ती दिसायची नाहीत. काम कसे, तर पितळ कोरायचे, खाचेची कड आतून किंचित कापायची, त्यात चांदीचा किंवा तांब्याचा पातळ तुकडा ठोकून बसवायचा. पितळेची कडच त्याला पकडून ठेवते. मग त्या नखाएवढ्या चांदीवर डोळे, बोटे, कपड्यांच्या चुण्या कोरायच्या. चष्मा नसलेल्या काळात!

गळ्याशी लिहिले आहे की हे नक्षकाम शुजा इब्ने मनआ मोसुली याने रजब महिन्यात, हिजरी 629 मध्ये (म्हणजे 1232 साली) मोसुल शहरात केले. स्वतःला 'मोसुली' म्हणवणाऱ्या कारागिरांची भांडी बरीच आहेत. दमास्कस, कैरोतही ते काम करत. पण 'मी मोसुलमध्येच घडलो' असे स्वतः सांगणारे त्या काळचे जडावकामाचे भांडे एवढे एकच ठाऊक आहे. शुजाने ते कोरले नसते, तर मोसुलच्या बाजूने बोलणारा असा साक्षीदारच उरला नसता.

सुनेने लगेच आमचा आफताबा उलटा करून पाहिला. कल्हईखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव होते, दादीचे. आपल्याकडे भांड्यावर मालकाचे नाव घालतात. गळ्यावरची ती नाजूक वेल ज्याने काढली, त्याचे नाव कुठेच सापडले नाही.

तोटीला डाख द्यायला टाकला आहे. जुम्म्यापर्यंत देतो म्हणालाय.