आभाळाला ठिगळ

आभाळच फाटले तर ठिगळ कोठे कोठे लावणार, असे आपल्याकडे म्हणतात. संकट हाताबाहेर गेले की माणूस ही म्हण पुढे करतो आणि स्वस्थ बसतो. मी मराठीचा मास्तर; म्हणी खोट्या ठरविणे हा काही माझा धंदा नव्हे. पण ही म्हण गेल्या चाळीस वर्षांत जगाने खोटी पाडली, आणि तीही अगदी शब्दशः!

फाटलेले आभाळ म्हणजे ओझोनचा थर. साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर हा वायू विखुरलेला असतो. सगळा खाली आणून जमिनीवर पसरला, तर त्याची जाडी जेमतेम ३ मिलिमीटर भरेल. एवढे हे झिरझिरीत वस्त्र, पण सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपले डोळे, कातडी आणि शेतातली पिके तेच राखते.

ते विरले एका गुणी वस्तूमुळे. टॉमस मिज्ली या अमेरिकन रसायनज्ञाने रेफ्रिजरेटरसाठी शोधलेला नवा वायू १९३० साली भर सभेत स्वतः छातीत भरून घेतला आणि त्याच फुंकरीने मेणबत्ती विझविली. विषारी नाही, पेटत नाही. आणखी काय हवे? या जातीच्या वायूंना सीएफसी म्हणतात. ते सहजासहजी मोडत नाहीत, म्हणूनच थेट वर जाऊन पोचतात. तेथे प्रखर किरणांनी त्यांतला क्लोरिन सुटतो आणि त्याचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये हे मांडले, तेव्हा कारखानदार म्हणाले, पुरावा दाखवा. अंटार्क्टिकावरचा ओझोन दर वसंतात घटतो आहे, हे ब्रिटिश संशोधकांनी १९८५ मध्ये दाखविले.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलला करार झाला. तो काळ्या दगडावरची रेघ नव्हता, आणि तेच त्याचे शहाणपण. प्रारंभी सीएफसी फक्त निम्म्यावर आणायचे ठरले होते. पण नवे ज्ञान येईल तशी कलमे कडक करायची सोय करारातच होती. १९९० मध्ये लंडनला संपूर्ण बंदी ठरली. भारत आणि चीन तोवर बाहेरच होते. थंडावा तुम्ही भोगलात, आभाळ तुम्ही फाडलेत. मग नव्या यंत्रांचा खर्च आम्ही का सोसावा, हा त्यांचा सवाल रोकडा होता. लंडनलाच श्रीमंत देशांच्या पैशातून निधी उभारायचे ठरले, आणि १९९२ मध्ये भारत करारात आला. आज जगातले सारे देश त्यात आहेत.

मात्र एकीकडे शिवताना दुसरीकडे उसवले. सीएफसीच्या जागी आलेले एचएफसी ओझोनला धक्का लावत नाहीत, पण पृथ्वीला तापवितात. त्यांनाही आवर घालायचे २०१६ मध्ये किगालीला ठरले. शिवाय जुने सीएफसी हवेत अनेक दशके रेंगाळतात. करार नीट पाळला, तर अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० सालाइतका व्हायला साधारण २०६६ उजाडेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. माँट्रियलला सह्या करणारे बहुतेक जण तो दिवस पाहायला नसतील. आंब्याची कोय लावणाऱ्या आजोबांना ही गोष्ट नवी नाही.

म्हण मी वर्गात शिकवितोच. पण हल्ली पुढे एक वाक्य जोडतो: आभाळाला ठिगळ लावता येते, फक्त सुई सगळ्यांनी धरावी लागते, आणि दोरा ज्याच्यापाशी आहे त्याने तो काढून द्यावा लागतो.