माथेरानची वळणारी इंजिनं

वर्गातला लांब बाक दारातून व्हरांड्यात काढून पाहिलाय कधी? एक टोक बाहेर आलं की दुसरं चौकटीला अडतं. बाक मधे वाकला असता तर किती बरं, असं वाटतं ना?

हीच अडचण माथेरानच्या झुकझुकगाडीपुढे होती. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ साली नेरळ ते माथेरान हा लोहमार्ग बांधायला घेतला आणि १९०७ मध्ये तो सुरू झाला. दोन रुळांत अंतर फक्त दोन फूट. चढ इतका, की काही ठिकाणी वीस फूट पुढे जाताना गाडी एक फूट वर चढते. आणि वळणं? मोजता मोजता दमाल!

आता पेच पाहा. चढावर चाकं घसरू नयेत म्हणून इंजिन वजनदार हवं. पण ते वजन हलक्या रुळांना सोसायचं, तर चाकं जास्त हवीत. चाकं वाढली की इंजिन लांबतं आणि वळणावर अडतं!

बार्शी लाइट रेल्वे उभारणारे इंग्रज इंजिनीअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी यावर तोड काढली. त्यांच्या आराखड्यानुसार जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कारखान्यानं सहा चाकांची चार इंजिनं बनवली. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांचा आस म्हणजे एक पोकळ नळी होती. नळीच्या आत दुसरा, भरीव आस. दोन्ही मध्यभागी गोल सांध्यानं जोडलेले, आपल्या खांद्यातल्या उखळीच्या सांध्यासारखे. आतला आस जागेवरच फिरे आणि नळीलाही फिरवी. पण वळण आलं की नळी चाकांसकट थोडी तिरपी होई. झालं काम! सहाही चाकं गाडी ओढत आणि वळणावर अडतही नसत.

१९५०च्या दशकात डिझेल इंजिनं आली, तरी ही इंजिनं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत धावली. चारांपैकी ७४० क्रमांकाचं इंजिन पुढे इंग्लंडला पोचलं. दुसरं एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

तिथे गेलात, तर इंजिनासमोर फोटो जरूर काढा. पण आधी खाली वाकून चाकांमधला तो जाडजूड आस शोधा. आई-बाबांना विचारा, "हा एवढा जाड का?" त्यांना नाही आलं, तर तुम्ही सांगा!