चाळिशी की पन्नाशी?

मार्च महिना उजाडला की शहरांतील खाजगी तपासणी केंद्रांच्या जाहिरातींना बहर येतो. ८ मार्चच्या महिला दिनाचे निमित्त साधून रक्त, थायरॉइड, हाडांची घनता आणि स्तनांची मॅमोग्राफी अशी एकत्र 'पॅकेजे' सवलतीच्या दरात देऊ केली जातात. येणारी स्त्री तिशीची आहे की साठीची, तिला काही त्रास होतो काय, तिच्या आईला वा बहिणीला हा रोग झाला होता काय, याची विचारपूस जाहिरातीत नसते. साडीवरील सूट आणि क्ष-किरणांवरील सूट यांत जणू काही अंतरच नाही! निरोगी स्त्रीने ही तपासणी कोणत्या वयापासून आणि किती वर्षांच्या अंतराने करावी, या वरकरणी साध्या प्रश्नावर जगातील तज्ज्ञांत गेली कित्येक दशके मतभेद आहेत. ज्या शिक्षिकेने किंवा कारकून स्त्रीने पगारातून पैसे बाजूला काढून या केंद्रात जायचे, तिला निदान एवढे तरी ठाऊक असावयास हवे.

या वादाची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये झाली. तेथील एका आरोग्य विमा योजनेने १९६३ साली ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२,००० स्त्रियांवर पहिला मोठा प्रयोग आरंभिला. निम्म्या स्त्रियांना मॅमोग्राफी व डॉक्टरांकडून तपासणी यांसाठी दरवर्षी बोलावण्यात आले, उरलेल्यांवर नेहमीप्रमाणे उपचार होत राहिले. पहिल्या गटात स्तनांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. परंतु पन्नाशीपुढील स्त्रियांच्या बाबतीत हा लाभ जितका स्पष्ट होता, तितका तो चाळिशीतल्यांच्या बाबतीत नव्हता. १९७७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या प्रयोगाने पन्नाशीपुढच्या लाभाला दुजोरा दिला. कॅनडातील १९८० च्या प्रयोगाने मात्र २०१४ साली, पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, मृत्यू मुळीच घटले नाहीत असा निष्कर्ष काढून दोन्ही बाजूंना पुन्हा भांडावयास लावले.

अमेरिकेत तर या प्रश्नाला राजकारणाचेही रूप आले. जानेवारी १९९७ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या परिषदेतील तज्ज्ञांनी सांगितले, की चाळिशीतील सर्वच स्त्रियांना ही तपासणी सुचविण्याइतका पुरावा नाही. त्यावर एवढा गदारोळ उठला की सिनेटने ९८ विरुद्ध शून्य मतांनी चाळिशीच्या बाजूने ठराव संमत केला, आणि थोड्याच आठवड्यांत राष्ट्रीय कर्करोग संस्थेने आपला सल्ला बदलला. मतदानाने क्ष-किरणचित्रातील सावली काही स्पष्ट होत नाही. पण लोकप्रतिनिधींना हे कोणी सांगावे? पुढे २००९ साली सरकारने नेमलेल्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने ५० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी तपासणी करावी असे म्हटले. त्याच कृतिदलाने २०२४ साली आरंभीचे वय पुन्हा चाळीसवर आणले. चाळिशीतील स्त्रियांत हा रोग वाढत असल्याची आकडेवारी आणि संगणकीय गणिते हा या बदलाचा मुख्य आधार होता. ब्रिटनमध्ये १९८८ पासून चालत आलेली योजना याहून वेगळी आहे. तेथे पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी बोलावणे येते.

एकाच यंत्राबद्दल इतकी मते का असावीत? तरुण वयात स्तनाची पेशीजाले दाट असतात. चित्रात ती पांढरी दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. शिवाय त्या वयात रोगाचे प्रमाण कमी, त्यामुळे एक जीव वाचविण्यासाठी पुष्कळ निरोगी स्त्रियांना तपासणीच्या फेऱ्यांतून जावे लागते. अंतराचा प्रश्नही असाच अवघड आहे. वेगाने वाढणारी गाठ दोन तपासण्यांच्या मधल्या काळात डोके वर काढते, तर संथ गाठ निमूटपणे यंत्राची वाट पाहत राहते. म्हणून दरवर्षी केलेल्या तपासणीने लाभ दुप्पट होत नाही, मनस्ताप मात्र वाढतो. दहा वर्षे दरवर्षी तपासणी करून घेणाऱ्या अमेरिकन स्त्रियांपैकी ६१ टक्के जणींना केव्हा ना केव्हा 'काहीतरी संशयास्पद आहे' म्हणून परत बोलावले जाते आणि अखेर काही नसते. दोन वर्षांच्या अंतराने हे प्रमाण ४२ टक्क्यांवर येते. ते बोलावणे आणि अंतिम अहवाल यांच्या मधल्या रात्री कोणत्याही तक्त्यात दिसत नाहीत.

याहून गंभीर हानी वेगळीच आहे. यंत्राला सापडणारा प्रत्येक कर्करोग जिवावर उठणारा नसतो. काही इतके संथ असतात की त्या स्त्रीला हयातभर त्यांची वार्ताही लागली नसती. पण एकदा सापडल्यावर तो कोणता हे सांगता येत नाही, आणि शस्त्रक्रिया करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ब्रिटनमधील एका स्वतंत्र समितीने २०१२ साली हा हिशेब मांडला. १०,००० स्त्रियांना पन्नाशीपासून वीस वर्षे तपासणीस बोलावले, तर ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींवर अनावश्यक उपचार होतात. त्रेचाळीस जीव ही सामान्य गोष्ट नव्हे. अनेक स्त्रिया हे दोन्ही आकडे ऐकूनही तपासणी स्वीकारतील, काही नाकारतील. दोघींचेही चुकले असे म्हणता येणार नाही. मात्र केवळ पहिलाच आकडा ऐकवून संमती मिळविणे ही फसवणूक आहे.

भारतात एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. येथील रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा सरासरीने दहा वर्षांनी तरुण असतात, तेव्हा तपासणीही लवकर सुरू करावी, असा तो आहे. त्यात एक मेख आहे. या देशाची लोकसंख्याच तरुण असल्याने कोणत्याही रोगाच्या रुग्णांचे सरासरी वय कमीच भरणार. चाळिशीतल्या भारतीय स्त्रीला हा रोग होण्याची शक्यता त्याच वयाच्या अमेरिकन स्त्रीपेक्षा कमीच असते. येथील खरे दुखणे निराळे आहे. हाताला लागणारी, कित्येक महिने लपविलेली गाठ घेऊन स्त्रिया रुग्णालयात पोहोचतात, तेव्हा रोग पुष्कळ पुढे गेलेला असतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत एकीचीसुद्धा स्तनांची तपासणी झाल्याचे आढळले नाही, प्रमाण ०.९ टक्के भरले. हाताला न लागणारी गाठ शोधणे हे मॅमोग्राफीचे काम. येथे तर हाताला लागणाऱ्या गाठीलाच हात लागत नाही.

आणि यावरचा प्रयोग मुंबईतच झालेला आहे, हे विशेष. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून शहराच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षांचा अभ्यास केला. खास शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, केवळ हाताने तपासणी केली. २०२१ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशी व त्यापुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले, पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र तशी घट दिसली नाही. महागड्या यंत्राकडून अपेक्षा असते तेवढे काम पन्नाशीपुढे शिकविलेल्या हातांनी केले.

केंद्र सरकारने २०१६ च्या आराखड्यात हाताने तपासण्याची पद्धत स्वीकारली हे योग्यच झाले. परंतु तीस ते पासष्ट या वयात दर पाच वर्षांनी एकदा, एवढीच ती ठरविली. मुंबईत लाभ दिसला तो दोन वर्षांच्या अंतराने आणि पन्नाशीनंतर. पाच वर्षांत गाठ थांबून राहील असे मानण्यास आधार कोणता? 'कधी आणि किती वेळा' हा प्रश्न या देशात खरा उभा राहतो तो येथे.

ज्या स्त्रीला परवडते आणि जिच्या गावी सोय आहे, तिने पन्नाशीपासून दोन वर्षांनी मॅमोग्राफी करण्यास हरकत नाही. चाळिशीतल्या स्त्रीने लाभ-हानी समजून स्वतः ठरवावे. घराण्यात रोग असेल तर डॉक्टर सांगतील ते वय धरावे. चाळिशीच्या आतल्या, काही लक्षण नसलेल्या स्त्रीने 'पॅकेज' खुशाल नाकारावे. गाठ हाताला लागली, तर मात्र ही सारी वेळापत्रके गैरलागू ठरतात; वय काहीही असो, मागील वर्षीचा अहवाल कितीही स्वच्छ असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

उरला प्रश्न त्या बहुसंख्य स्त्रियांचा, ज्यांच्यापर्यंत जाहिरातही पोहोचत नाही आणि यंत्रही नाही. त्यांच्यासाठी उपकेंद्रात शिकविलेली परिचारिका हवी, आडोसा असलेली खोली हवी, आणि गाठ लागलीच तर पुढच्या रुग्णालयात कोणत्या दिवशी कोणाला भेटायचे हे लिहिलेली चिठ्ठी हातात पडावयास हवी. पन्नाशीपुढील स्त्रियांसाठी आराखड्यातील पाच वर्षांचे दोन वर्षे करण्यास तर एक दुरुस्तीपत्रक पुरेसे आहे.