नाताळातील श्रवणसुख आणि त्याचे मोल

नाताळच्या सुटीत ब्रिटिश श्रोत्यास बीबीसीच्या रेडिओ फोरवर एकाच दिवशी बातम्या, नाटक, चर्चा, विनोद, इतकेच काय, सागरी हवामानाचा अंदाजही ऐकावयास मिळतो. २६ डिसेंबर २००० रोजी तर स्टीफन फ्राय यांनी केलेले हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाचे वाचन सुमारे आठ तास चालले. कोणता जाहिरातदार हे धाडस करील? हा खर्च दूरचित्रवाणीच्या परवाना शुल्कातून भागतो. केवळ रेडिओचा परवाना १९७१ मध्येच रद्द झाला. म्हणजे पैसे मोजावयाचे ते पाहणाऱ्याने! यात गैर नाही. एकाने ऐकल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होत नाही. परंतु परवान्याकडे पाठ फिरविणारी घरे आता वाढत आहेत. हे शुल्क आटले, तर आठ तासांच्या वाचनाचा भार कोणी उचलावयाचा?