‘बिलेटेड’मधला बि



फॅमिली ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस राहून जातो आणि दुसऱ्या दिवशी आपण घाईघाईने ‘हॅपी बिलेटेड बर्थडे’ टाकतो. या बिलेटेडचा जुना अर्थ वाचला तेव्हा मला हसू आलं. सतराव्या शतकात बिलेटेड म्हणजे वाटेतच रात्र झालेला माणूस. मिल्टनच्या १६६७ सालच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये असा एक शेतकरी आहे. म्हणजे उशीर शुभेच्छांना नव्हे, माणसाला झालेला!

यातला सुरुवातीचा ‘बि’ (स्पेलिंग बी-ई) हा इंग्रजीतला फार जुना उपसर्ग. आपल्या ‘बेघर’, ‘बेफिकीर’मधल्या फारसी ‘बे’शी त्याची गल्लत करू नका. ‘बे’ म्हणजे विना. हा ‘बि’ मात्र बहुतेक वेळा ‘चहूबाजूंनी’ किंवा ‘पुरतं’ असं सांगतो. बिनाइटेड म्हणजे रात्रीने गाठलेला. पुढे अज्ञानाच्या अंधारात असलेल्यालाही तोच शब्द लागला. वारा पडल्यामुळे समुद्रात जागीच अडकलेलं शिडाचं जहाज बिकाम्ड. आणि बिड्रॅगल्ड म्हणजे पावसाचिखलात पार अवतार झालेला. जुलैत मुंबईच्या लोकलमधून उतरणारा कुणीही डोळ्यांसमोर आणा.

काही शब्दांत मात्र हाच ‘बि’ हिरावून घेतो. बिहेड म्हणजे शिरच्छेद. बिरीव्ह त्याच जातीचा. यातला रीव्ह म्हणजे लुटणं. ‘रॉब’चा जुना भाऊबंदच. आज तो शोकसंदेशातल्या ‘बिरीव्ह्ड फॅमिली’त उरलाय.

आजी गेली तेव्हा बाबांच्या ऑफिसमधून इंग्रजीत पत्र आलं होतं. आजोबांनी या शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारला. मी तेव्हा बीएच्या दुसऱ्या वर्षाला. ‘दुःखी’ असं सांगून मोकळी झाले. खरा अर्थ पुढे डिक्शनरीत सापडला, तेव्हा मुद्दाम जाऊन सांगितलं, “आजोबा, त्याचा मूळ अर्थ लुटले गेलेले.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मग बरोबरच लिहिलं होतं त्यांनी,” म्हणाले.

याच शब्दाचं दुसरं रूप बिरेफ्ट. जवळचं माणूस गेलेल्यांसाठी सहसा बिरीव्ह्ड लिहितात. आशा, शब्द, आधार असं काही हरवलं तर बिरेफ्ट. सांत्वनाचं पत्र इंग्रजीत लिहायची वेळ आली, तर एवढं ध्यानात असू द्या.