टाक विकला, कागद रद्दीत

जुने टाक, निबा आणि दांड्या जमविण्याचा छंद अलीकडे सुशिक्षित मंडळींत वाढला आहे. छंद म्हणून त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्या निबेने कधी शाई पाहिली नाही तिला सर्वांत जास्त भाव, हा या बाजारातला नियम वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही.

निब ही मुळात झिजून संपणारी वस्तू. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत बायका हातदाबावर पोलादी पत्र्यातून निबा कापीत. मग छिद्र, बाक, पाणी देणे, आणि शेवटी चीर. जोसेफ गिलॉटसारख्यांचा हा माल जगभर गेला, तोही ग्रोसच्या हिशेबाने, म्हणजे डबीत १४४ नग. टोक फाकले की कारकून ती फेकून देई. तेव्हा आज कोरी सापडणारी निब म्हणजे कोणा दुकानदाराचा न खपलेला माल! असा माल ताळेबंदात उतरत्या किमतीने दाखवावा असे आम्हांला शिकवतात.

आणखी एक गोष्ट. अणकुचीदार इंग्रजी निब दाब दिला की फाकते आणि जाड रेघ देते. आपल्या अक्षराचे जाड-बारीक दाबातून येत नाही, लेखणीच्या तिरक्या कापातून येते, आणि रोमन अक्षराच्या उलट दिशेने येते. म्हणून बोरू हाताने कापावा लागे. मोडी लिहिणारा तर आधी पानभर आडवी रेघ ओढी आणि तिच्याखाली हात न उचलता धावत जाई. ही माहिती काचेच्या पेटीतील टाक पाहून कोणाला होणार?

माझे आजोळ देवासचे. इकडच्या वाचकांना देवास म्हटले की कुमार गंधर्व आठवतात. बेळगावजवळच्या सुळेभावीचे, १९४८ पासून देवासचे. त्याच साली पवारांची धार आणि देवास ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. देवासची तऱ्हा और होती. थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन राज्ये, म्हणजे लिहिणेही दुप्पट! (आज तेथे बँक नोट प्रेस आहे आणि नोटांची शाईही तेथेच बनते. गावाने शाई काही सोडली नाही.) तेथल्या जुन्या मराठी घरांतून मोडी कागदांचे रुमाल माळ्यावर पडून असतात.

गेल्या मे महिन्यात मामांच्या शेजारी एक संग्राहक आले. पितळी कलमदान, तीन टाक आणि निबांची अर्धी डबी त्यांनी चांगल्या किमतीस घेतली. शेजारीच रुमाल होता. "ते नको, वाचता येत नाही," म्हणाले. पुढच्या आठवड्यात तो रुमाल वर्तमानपत्रांबरोबर काट्यावर चढला. मामींच्या धारच्या माहेरी उलट प्रकार. वाड्याच्या वाटणीचा कागद आहे, पण मोडीत. वाचणारा मिळेपर्यंत दोघे भाऊ सात महिने एकमेकांशी बोलत नव्हते. वाचून झाल्यावर कळले, विहीर सामाईक आहे.

संग्राहकांची बाजूही आहे. ते नसते तर त्या निबा भंगारात जात्या, डब्यांवरची नावे आणि क्रमांकही कोणास ठाऊक राहते ना. हे मान्य. पण ज्याला निबेचा क्रमांक पाठ आहे त्याने तिने लिहिलेली एक ओळ तरी वाचावी, ही अपेक्षा फार नाही.

मोडीचे वर्ग महाराष्ट्रात पुराभिलेख खाते चालविते. आपल्याकडेही आठवड्याला एक तास का नसावा? कन्नड विभागातील मित्रांनी हे मराठीचे खूळ समजू नये. मुंबई इलाख्यातल्या या जिल्ह्यांत त्यांच्या घरीही मोडी कागद निघतील. लेखणीला ते लेक्कणिके म्हणतात, दौतीला दौतीच.

ज्यांच्याकडे कोरे टाक आहेत त्यांनी ते त्या तासाला आणावेत. गंज चढू नये म्हणून नव्या निबेवर पातळ थर असतो. जुने लोक निब जिभेवर धरून किंवा काडीच्या आचेवर तो घालवीत. थर गेला की बाजारातली किंमत उतरते. उतरू द्यावी.